वाटे मी पाडले, निवड तिची

आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की वाटे थोरल्याने पाडायचे आणि पहिली निवड धाकट्याने करायची. थोरले माझे मालक. पण घरातली मोजदाद माझ्याकडे असायची, म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला नेवाशाजवळच्या आमच्या वस्तीचे दोन वाटे मीच पाडले. एकात पाटाखालचा ऊस. दुसऱ्यात कोरडवाहू माळ, विहीर, मातीचं जुनं घर आणि गुरं. धाकटे ऊस उचलणार, हे मी धरूनच चालले होते. धाकट्या जावेनं माळ मागितला. भावकी हसली. मी देवापुढे साखर ठेवली.

माळावर विकतचं खत टाकायचं तर पाणी हवं. ते बेताचंच, म्हणून दिरांनी नुसत्या शेणखतावर जोंधळा, हरभरा घ्यायला सुरुवात केली. एका हिवाळ्यात त्यांचे पुण्याचे मित्र हुरडा खायला आले. पुढच्या हिवाळ्यात मित्रांचे मित्र आले. 'सेंद्रिय' हा शब्द आमच्या बांधावर आला तो या पाहुण्यांच्या तोंडून. मग जावेनं दोन खोल्या रिकाम्या केल्या, बाजा टाकल्या आणि माणसं पैसे देऊन राहू लागली.

ती जमीन वर्षानुवर्षं मी सारवली होती. आता पुण्याच्या बायका तिथं बसून जावेला म्हणत, "वहिनी, किती सुंदर ठेवलंय हो घर!" आणि ती खुशाल हसायची. सोय म्हणाल तर शून्य. पांघरुणं अपुरी, जेवायला वेळकाळ नाही. मी असते तर प्रत्येक बाजेवर दोन गोधड्या आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला असता. पण मला विचारतो कोण? माझ्याकडे ऊस होता. ऊस बघायला पुण्याहून कोणी येत नाही.

शेवटी मीच बांध ओलांडून गेले. म्हटलं, "तुझ्याकडं गर्दी होते. थोडे पाहुणे माझ्याकडं पाठव."

"बाई, उसात झोपवू का त्यांना?" जाऊ म्हणाली. "साप बघायला येत न्हाईत ती!"

मी घरी आले आणि बांधालगतची उसाची पट्टी मोडायला लावली.

"पाटाच्या पाण्यावर जोंधळा? लोक येड्यात काढतील," मालक म्हणाले.

"काढू द्या."

जोंधळा पुरुषभर वाढला. कणसं दुधाळ झाली तशी पाटी भरून मी तिच्या आगटीपाशी गेले. शेकोटीभोवती पाहुणे बसले होते. जावेनं मला बाजूला घेतलं.

"बाई, तुमच्या रानात युरिया गेलाय. हितं चालायचं न्हाई. बिगरखताचं म्हणून सांगते मी त्यांना."

"त्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय की."

पाटी परत आणली. ती खरं बोलत होती, हेच जास्त झोंबलं.

रान सुधारायचं तर शेणखत हवं होतं आणि गुरं तर तिच्या वाट्याला गेलेली. आठवडाभर मी तिकडे फिरकले नाही. मग गेले आणि मागितलं.

"न्या की," ती म्हणाली. "लागंल तेवढं न्या. पाव्हणं घ्यायला मात्र दोन-तीन सालं दम धरा."

बैलगाडी भरून आली. मी मूठभर उचलून पाहिलं. काळं, भुसभुशीत, पुरतं कुजलेलं, वासाचं नाव नाही. उकिरड्यातलं सगळ्यात चांगलं तिनं मला काढून दिलं होतं. निदान कच्चं तरी द्यायचं!