गुन्ह्यांत पहिला नंबर

वर्तमानपत्रात शहरातल्या सव्वीस वस्त्यांच्या गुन्ह्यांचा तक्ता छापून आला आणि आपली वस्ती त्यात पहिली आली हे कळताच गल्लीगल्लीत लोकांचा तिळपापड झाला. दाराला नुसती कडी लावून लोक बाजारात जातात ती वस्ती पहिली? वर्षाला तीनशे बारा तक्रारी? राग काढायला कुणीतरी हवं होतं, आणि ते माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. चौकीत खिडकीजवळच्या टेबलावर बसून तक्रारी लिहून घेणारी हवालदार बाई सगळ्यांच्या ओळखीची होती. तिला सगळे नोंदबाई म्हणत.

नोंदबाईंच्या आधी त्या टेबलावर एक गृहस्थ बसत. कुणी काही चोरीला गेल्याचं सांगायला आलं की ते म्हणत, "आधी घरात नीट शोधा." शोधायला गेलेला माणूस परत येत नसे. त्यांच्या काळात वर्षाला चौदा तक्रारी होत आणि वस्ती शांत म्हणून नावाजलेली होती. चोर तेव्हाही होते, फक्त वहीत नव्हते.

बाईंनी मात्र आल्या दिवसापासून सगळं लिहायला घेतलं. सायकलची घंटा, कुंडीसकट उचलून नेलेलं गुलाबाचं रोप, दारातून नाहीशी झालेली एकच चप्पल. "एका चपलेचं चोर करणार काय?" असं शेजारच्या टेबलावरच्या शिपायाने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "ते तो सापडला की त्यालाच विचारू. डावी होती की उजवी?" शिपायाने कपाळावर हात मारला आणि बाईंनी 'डावी' असं लिहिलं.

या हट्टाला कारण होतं. बाई दहा वर्षांच्या असताना त्यांच्या आईचं शिवणयंत्र चोरीला गेलं होतं. आईबरोबर त्या चौकीत गेल्या, तेव्हा टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "आता यात लिहायचं काय?" आईला यंत्र गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं होतं ते त्या माणसाचं न बघणं.

तक्ता छापून आल्यावर साहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब वाईट नव्हते, फक्त फोनला घाबरत. "बाई, तुमच्या कामावर माझा राग नाही. पण वरून विचारणा होतेय. आता लोकांचा लेखी अर्ज आला, तर मला तुम्हाला तळघरात जुन्या फायलींवर बसवावं लागेल."

बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. घरी आल्यावर नवऱ्याने हसवायचा प्रयत्न केला, "तळघरात कुणाची नोंद करशील? उंदरांची?" बाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. ज्या टेबलाशी माणूस येत नाही, त्या टेबलावर बसून करायचं तरी काय?

शनिवारी सकाळी अकराला अर्ज आला. पुढे घरमालकीण काकू, मागे न्हावी, वाणी आणि आणखी सात-आठ जण. काकू नाकावर माशी बसू देत नसत. त्यातून त्यांच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या, आणि तक्ता वाचून नवा भाडेकरू फिरकत नव्हता.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" काकू कडाडल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही ती उघडता आणि वर मोजून दाखवता!"

"मी मोजत नाही काकू. लोक सांगतात ते लिहिते."

"मग कमी लिहा!"

"कुणाचं गाळू? चपलेची तक्रार तुमच्याच मागे उभी आहे."

न्हाव्याने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "बाई, सापडली का हो?" वाण्याला हसू आवरेना. काकूंनी दोघांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि अर्ज टेबलावर आपटला. बाईंनी वही पुढे ओढली.

"तुमच्याविरुद्धचा अर्ज तुम्हीच नोंदवणार?" वाण्याला राहवेना.

"आलेला कागद मी बाजूला सारला, तर मग तुमचा राग खरा ठरेल. सह्या करा."

काकूंनी पेन उचललं तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. कापडाच्या दुकानात काम करणारी, विशीतली. गर्दी पाहून ती मागे सरली. "मी नंतर येते."

"नंतर कुणी येत नसतं. बस इथे," बाई म्हणाल्या आणि मंडळींकडे वळल्या. "तुम्ही सगळे ओसरीवर थांबा."

मंडळी अर्ज घेऊन धुसफुसत बाहेर गेली. खिडकी मात्र उघडीच राहिली. मुलगी सांगत होती, आठ दिवस बसथांब्यापासून एक माणूस तिच्यामागे येतो. काही बोलत नाही, फक्त येतो. हिरवी स्कूटर, उजव्या बाजूचा आरसा तुटलेला. बाईंनी 'तू कशाला एकटी जातेस' असं विचारलं नाही. किती वाजता, कुठल्या वळणापर्यंत, कपडे कुठले, एवढंच विचारलं. मुलीचा आवाज हळूहळू स्थिर झाला. बाईंनी दोन शिपायांना लगेच थांब्याकडे पाठवलं.

बाहेर काकूंचा चेहरा उतरला होता. तुटका आरसा, हिरवी स्कूटर. पंधरा दिवसांपूर्वी सून हेच सांगत होती. तेव्हा त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "चार लोकांत बोलू नकोस. नाव आपलंच खराब होतं." त्या काही न सांगता ओसरीच्या पायऱ्या उतरून चालू लागल्या.

"काकू, अर्जाचं काय?" न्हाव्याने विचारलं.

"फाडून टाक तो!" काकू वळूनही न बघता म्हणाल्या.

दहा मिनिटांनी त्या परत आल्या त्या सुनेचा हात घट्ट धरूनच. सुनेच्या बोटांना अजून पीठ लागलेलं होतं. "हिचं लिहून घ्या," काकू बाईंना म्हणाल्या. "तीनशे होवोत नाहीतर चारशे."

सून खुर्चीच्या टोकाशी बसली. तिने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा सासूकडे. "आई, तुमच्यासमोर सांगू?"

"माझ्यासमोरच सांग," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तेव्हा मी ऐकलं नव्हतं."

बाईंनी काकूंसाठी आणखी एक खुर्ची ओढली आणि नवीन पान उघडलं.