बसलेले पाटे

परवा दारात नव्या भाताचं पोतं उतरलं आणि त्याच्या वासानं मला ऐंशी सालच्या आसपासची एक दुपार आठवली. मी आठव्या महिन्यात होते आणि कोळवणला सासरी अचानक कळा सुरू झाल्या. एसटी केव्हाच निघून गेली होती. पौडचे एक दुकानदार, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, पिकअप घेऊन भात भरायला आले होते. त्यांनी सासूबाईंना आणि मला मागे पोत्यांवर बसवलं. पण ओझ्यानं गाडीचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पार बसले होते. प्रत्येक खड्ड्याला गाडी खाली धाडकन आदळायची आणि तो दणका सरळ माझ्या पोटात शिरायचा. ओढ्यापाशी माझ्या ध्यानात आलं, बाळ हालत नाही. "आत्याबाई, हालत न्हाई वं," मी कशीबशी म्हणाले. सासूबाईंनी केबिनच्या टपावर बुक्क्या मारल्या. चाचा उतरले, मागच्या चाकाशी वाकले. "मावशी, माल लई हाय. पाट्यांना दबायला जागाच न्हाई," ते म्हणाले आणि एकट्यानं पोती खाली ढकलू लागले. "आवं, चिखलात भिजंल की भात!" सासूबाई ओरडल्या. "भिजू द्या," एवढंच ते बोलले. त्यानंतर गाडी तशी आदळली नाही, पण पोटातही काही हाललं नाही. मी पोटावर हात दाबून, श्वास रोखून बसले. पौडचा दवाखाना दिसायला लागला तेव्हा आतून एक बारीकशी लाथ बसली आणि मी हमसून हमसून रडले. ती लेक आता स्वतः गाडी चालवते. मी तिच्या शेजारी बसते, मागच्या सीटवर बसायला अजून मन धजत नाही.