फुगवट्याकाठचा मुक्काम

हौस माझीच. येलदरी धरणाच्या फुगवट्याचं पाणी डोंगरात शिरून कसं पसरलंय, ते जिंतूरकडच्या रानातून पायी फिरून बघायचं, असं मीच कचेरीत काढलं. आम्ही चौघं परभणीला एका टेबलाला काम करणारे, एकाच हाटेलात एकाच किटलीतला चहा पिणारे. बाकीचे तिघं, एक पिंगळीचा, एक मानवतचा आणि एक ताडकळसचा. "पाणी बघायला रजा टाकायची? तिथं देव कोणता हाय?" म्हणून आधी माझी टर उडवली, मग माझ्यापेक्षा तेच जास्त पेटले. दुपारच्या चहाला दुसरा विषयच निघेना.

आमच्याकडं वाट ठरायची ती पाहुण्यारावळ्यांवरून. रानात लॉज कुठला आलाय! पहिला मुक्काम पिंगळीकराच्या मामाकडं, शेवटचा मानवतकराच्या सासुरवाडीला. मधल्या रात्रीला कुणाचंच कुणी सापडेना. मी लगेच म्हणालो, "अरे, माझी अक्का हाय ना! पाणी तिच्या दारातून दिसतंय. मी निरोपबी धाडलाय तिला."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. अक्काचं घर म्हणजे गावाच्या कडेला, निळ्या झेंड्यापाशी, हे सांगायची गरज नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस ते. गावोगावी माणसं तोंड फिरवून बसलेली. आमच्या टेबलावर मात्र तो विषय कधी निघायचा नाही, आणि मला त्याचंच कौतुक होतं. येडाच मी!

"तिकडून वाट लय लांब पडती राव," ताडकळसवाला कपात बघत म्हणाला. वाट तिथूनच तर जात होती.

"असं कर," मानवतकर म्हणाला, "तू ऱ्हा अक्काकडं. आमी वरल्या अंगानं जातो. सकाळी येऊन मिळ आमाला."

डोक्यात अशी तिडीक गेली, वाटलं किटली उचलून भिरकावावी. आणि तोंडातून काय निघालं? "हो, तेच बरं पडंल." मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटायला पाहिजे होती त्यांना. ती वाटली मला, जसं काही मीच भलतंसलतं बोलून बसलो होतो. ही गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

फिरणं गेलं खड्ड्यात. पण अक्का वाट बघत असणार. तिला काय सांगायचं, ह्याच घोरात मी एकटाच एसटीत बसलो.

तिनं घर सारवून काढलं होतं. वाकळा धुऊन कुडावर वाळत घातल्या होत्या. दारापुढं, पाण्याकडं तोंड करून, कुणाकडनं तरी मागून आणलेली बाज टाकली होती. माझ्या मागं वाटेकडं बघत ती म्हणाली, "अन् बाकीचे रं?"

"साहेबानं रजा दिली न्हाई त्यांना." मान काही वर होईना.

"मग मालकिणीला सांगून यावं लागंल." मालकीण म्हणजे जिच्या रानात अक्का खुरपायला जायची, ती.

"तिला कशाला?"

"तुझ्या सोबत्यांच्या भाकरी तिच्याकडं सांगितल्या व्हत्या. जवारी नेऊन दिली, म्हणलं तुमीच करा. पाण्याची घागरबी तिच्याच घरची आणणार व्हते. आपल्या घरचं कशाला त्यांच्यापुढं ठिवायचं? घटकाभर दारात बसले असते, पाणी बघितलं असतं, तरी बास व्हतं मला. तुला त्यांच्यात खाली बघायला लागू नये, दुसरं काय?"

मी बाजेवर बसलो. समोर ते पाणी, ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला. मला ते दिसत नव्हतं.

अक्कानं चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं आणि हात तसाच ठेवून माझ्याकडं वळली. तिच्या नजरेत मी कचेरीतला भाऊ, परभणीत राहणारा.

"तुझ्यापुरती मीच टाकते," म्हणाली, "चालंल ना तुला?"