जमिनीवर बसा, बाई

देवाजीभाऊंचा शेवटचा फोन आला तोही माझी चूक काढायलाच. "बाई, काल तुमच्या घरासमोरून गेलो. वऱ्हांड्यातला दिवा बसणाऱ्याच्या डोळ्यात जाते. हटवा तो." मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, या माणसाला रस्त्यानं सरळ चालता येत नाही का? आठवडाभरात त्यांच्या मुलीचा, मायाचा फोन आला... भाऊ गेले. आणि मी अजून त्या दिव्यावरून रुसलेलीच.

भंडाऱ्यात इमारतींचे नकाशे काढून बांधकामही करणाऱ्या एकाच ऑफिसात आम्ही होतो. ते वायरमन, मी नकाशे काढणारी. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटरवर इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर आणलं. पन्नाशीला टेकलेली मी नागपूरला पंधरा दिवसांचा कोर्स करून आले आणि अशी काही चालू लागले, जणू वीज मीच शोधली! पहिलं काम आलं ते गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या एका गावाच्या नव्या वस्तीतली अभ्यासिका. पोरं सतरंजीवर बसून वाचणार. मी यादीतून ट्यूबलाइट निवडल्या आणि नकाशावर टपाटप ठेवल्या, ओळी अशा सरळ की पाहत राहावं. देवाजीभाऊ मागे उभे. "बाई, जरा बाजूनं दाखवा." बाजूनं दाखवलं, तर बाराही ट्यूबा फरशीवर लोळत पडलेल्या. मॉडेलमध्ये दिव्याला छताचा आधार द्यावा लागतो, नाहीतर तो जमिनीवरच बसतो, हे मी कोर्समध्ये वहीत लिहूनही घेतलं होतं. "पोरं उजेडावर बसून वाचतीन काय?" भाऊ म्हणाले. सगळं ऑफिस हसलं. नातीला सांगितलं तर ती अजून हसते.

चिडून मी सगळे दिवे छताला चिकटवले. तरी यांचं समाधान नाही. "पंख्याच्या पात्यांवर आले, बाई. पंखा फिरला का पुस्तकावर सावली नाचन. जमिनीवर बसा, वर पाहा, मंग दिवा ठेवा." म्हणजे मी, कोर्स केलेली बाई, इस्त्रीच्या साडीत ऑफिसच्या फरशीवर बसू? "काहून? पोरं का खुर्चीवर बसणार हायेत?" मी नकाशा तसाच छापून त्यांच्या हातात दिला आणि वर ठणकावलं, इंचभर बदल नको. दोन दिवसांनी स्लॅब ओतायचा होता. दिवे ज्यांवर बसतात ते डबे एकदा काँक्रीटमध्ये गेले की गेले.

उद्घाटनाला मी स्टेजवरच्या खुर्चीतून पाहिलं. पंखे फिरताहेत, पोरं वाचताहेत, पुस्तकावर सावली नाही की काही नाही. भाषणात माझं नाव घेतलं, पुष्पगुच्छ दिला. मागे उभ्या असलेल्या भाऊंकडे मी असं काही पाहिलं म्हणता... ते टाळ्या वाजवत होते. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांना त्याच अभ्यासिकेचे दाखले देत राहिले. एकदाही माणसानं तोंड उघडलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांची शोकसभा त्याच अभ्यासिकेत झाली. खुर्च्या नव्हत्या. सतरंजीवर बसले, वर पाहिलं, आणि दिवे माझ्या जागेवर नव्हतेच! पंख्यांपासून चांगले दीड हात बाजूला, ओळ मात्र तितकीच सरळ. शेजारी माया होती, बापाकडूनच वायरिंग शिकलेली. हळूच म्हणाली, "स्लॅबच्या आधी बाबानंच डबे सरकवले, मावशी. टेप मी धरला होता. साहेबाले समजलं असतं तं बाबाचं काम गेलं असतं. पण म्हणे, बाईले नोको सांगजो. बाई लय खूश हाये."

लय खूश! राग आला मला. कुणाचा, ते अजून ठरत नाही. सांगायचं तरी ना, भाऊ... तो पुष्पगुच्छ मी आठ दिवस पाण्यात ठेवला होता हो!

परवा मायाला बोलावलं. स्टुलावर चढून वऱ्हांड्यातला दिवा हातात धरत ती म्हणाली, "सांगा मावशी, कुठं घेऊ?" मी खुर्चीतून बोट दाखवणारच होते. मग उठले. भिंत धरून, गुडघ्यांना शिव्या देत खाली फरशीवर बसले.

"थांब," म्हटलं, "आधी पाहू दे."