एक जूनचे त्रेपन्न जण

आण्णा वारले त्या दिवशी फलकावर काही लिहिलं गेलं नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. गावच्या शाळेत मास्तर होते. फलक म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा, एसटीच्या थांब्यासमोरचा काळा चौकोन. निवृत्तीनंतरही आण्णा रोज सकाळी खडू घेऊन तिथं दिनविशेष लिहीत. वर आजचा शब्द, मग सणवार, मग इतिहासात या दिवशी काय घडलं ते, थोरांच्या जयंत्या, आणि सगळ्यात खाली गावातल्या कुणाचा वाढदिवस असेल तर त्याचं नाव. भूमच्या गाडीची वाट बघणारी माणसं वरचं सगळं सोडून आधी शेवटची ओळ वाचत. (मी कॉलेजात इतिहास शिकवते. मला याचं दुःख लहानपणापासून आहे.)

दहाव्याला सुभाषराव भेटायला आले. ते ग्रामपंचायतीचे सदस्य. आण्णांबद्दल चार शब्द चांगले बोलले, आणि उठता उठता म्हणाले, "ताई, मास्तर गेले, आता ती भिंत रिकामीच की. एक जूनला आमची पोरं माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचं म्हणत्यात."

मी फार बोलत नाही. त्या दिवशी बोलले. तेरावं झालं की फलक मी लिहिणार, असं सांगून टाकलं. लिहिण्यात खाडा झाला किंवा गावाची तक्रार आली तर भिंत आमची, असं बजावून ते गेले.

वाढदिवसांसाठी आण्णांची एक वही होती. गावातल्या आयाबायांना विचारून भरलेली. कुणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालेलं, कुणी तांबडी म्हैस व्याली त्याच दिवशी. मग आण्णा जुनी पंचांगं काढून तारीख बसवायचे. ही काय पद्धत झाली? माझ्या विद्यार्थ्यानं असा पुरावा दिला असता तर मी वही तोंडावर परत केली असती. मी सरळ शाळेत जाऊन जन्मतारखांचं जनरल रजिस्टर उतरवून आणलं. (आण्णांची वही उघडली की त्यांचं अक्षर दिसायचं, हेही एक कारण होतं. रजिस्टरातल्या निम्म्या नोंदी त्यांच्याच हातच्या निघाल्या, त्यामुळं तेही साधलं नाही.)

एप्रिल आणि मे शेवटची ओळ जवळजवळ कोरीच गेली. ताईंच्या राज्यात गावात कुणी जन्मायचंच बंद झालं, असं थांब्यावर म्हणू लागले. मी दुर्लक्ष केलं. पुरावा नसेल तर मी काय करणार?

मग एक जून आला, आणि सगळे एकदम जन्मले.

शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं दारात उभं, आईला तारीख ठाऊक नाही, मास्तर एक जून लिहून मोकळे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मराठवाड्यात कुणाला माहीत नसतं? पण एकदा रजिस्टर प्रमाण मानलं की गैरसोयीच्या दिवशी ते सोडायचं कसं? मी पहाटे स्टूल नेलं आणि त्रेपन्न नावं लिहिली, जन्मसालासह, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. थोरांच्या जयंत्यांना जागा उरली नाही. आजचा शब्द मात्र ठेवला: 'तारीख, मूळ अरबी. अर्थ इतिहास असाही.'

आठ वाजता सुभाषरावांची पोरं शिडी, फ्लेक्स आणि तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ घेऊन आली. फ्लेक्सवर त्यांचे 'दादा' एकटे होते. फलकावर ते एकतिसावे होते, आणि त्यांचा धाकटा भाऊ भानुदास सत्ताविसावा. लहानपणी सुभाषराव शेरडं राखत होते, शाळेत उशिरा आले, म्हणून त्यांचं वय चार वर्षांनी उतरवून लावलेलं. पोरांनी माळ पिशवीत परत ठेवली. तोवर बातमी घरी पोचली होती, आणि भानुदासची बायको जावेला म्हणाली होती की बोर्डावर बघून या, थोरली मी हाय, आजपासून भाकरी तुम्ही थापा.

सुभाषराव पायात चप्पल न घालता आले. पुसा म्हणाले. मी म्हणाले, तुमचा दाखला खोटा आहे असं लिहून द्या, पुसते. पण निवडणुकीचा अर्ज त्यांनी त्याच दाखल्यावर भरलेला. मग ते गर्दीकडं वळले, आणि हीच गावाची तक्रार धरा, फलक उतरवा, असं म्हणू लागले. गर्दीत त्रेपन्नांपैकी बरेच होते. भूमची गाडी आली आणि कुणीही न बसता निघून गेली.

तेवढ्यात आई आली. आण्णा गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, आणि ती मला जाब विचारायला. निष्पक्षपणा म्हणून मी तिचंही नाव घातलं होतं. तिचं माहेर गावातलंच, आणि तिच्या वडलांनी तिला शाळेत घालताना वय वाढवून सांगितलेलं. आण्णांचं साल गावाला पाठ. थांब्यावरच्या लोकांनी वजाबाकी केली होती.

"चाळीस वर्षं मी त्या माणसाला अहो म्हणले," आई म्हणाली, "आन तू आज मला त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली केलीस व्हय?"

मी दाखल्याचं नाव काढलं.

"दाखला लिहिणाऱ्यानं मला जन्मताना बघितलं होतं का? माझ्या आईनं बघितलं होतं."

मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

आईनं फडकं घेतलं आणि त्रेपन्न जण पुसले. मग सुभाषरावांना म्हणाली, "सुभाष, तू नागपंचमीचा. तुझी आई झोक्यावरनं उतरली ती थेट बाजेवर गेली. भानुदास तुझ्यामागनं तीन वर्षांनी. ह्यांच्या वहीत हाय सगळं. नागपंचमीला तुझं एकट्याचं नाव लिहील ही."

"एकट्याचं?" सुभाषरावांनी विचारलं.

"दुसरं कुणी न्हाय त्या दिवशी."

सुभाषरावांनी जरा विचार केला आणि पोरांना शिडी घरी न्यायला सांगितली. मागं उभ्या असलेल्या बायका पुढं झाल्या आणि आईला आपापला दिवस विचारू लागल्या.

फलक जागेवर आहे. मी रोज लिहिते. शेवटची ओळ आई वही बघून सांगते, आणि त्या ओळीबद्दल शंका विचारायची मला मनाई आहे.