सावलीचं गाऱ्हाणं

चाळिशी उलटल्यावर माझं एका सावलीशी हाडवैर झालं. स्वतःच्या सावलीशी नव्हे. ती बिचारी निमूट मागून येते, उलट बोलत नाही (आमच्या घरात असं वागणारी ती एकटीच!). ही दुसरी सावली तळहातावर मावणाऱ्या एका यंत्रात राहायची, आणि ते यंत्र माझ्या गळ्यात बांधलं होतं माझ्या मेव्हण्याने.

हा मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ सुरेश, मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. दर सुट्टीत येताना मी न मागितलेली एखादी वस्तू आणायची, आणि ती मला कशी वापरता येत नाही हे सगळ्यांना हसून सांगायचं, हा त्याचा आवडता उद्योग. दोन हजार सालानंतरची गोष्ट असेल. त्या खेपेला त्याने दोन सारखी यंत्रं आणली, एक स्वतःला आणि एक मला.

"भाओजी, तुम्ही बर्फाच्या कारखान्यात होड्यांची वाट बघत बसता ना? वेळ जाईल तुमचा."

मी रत्नागिरीच्या बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. होड्या लागल्या की बर्फासाठी बोंबाबोंब, नाही लागल्या तर माश्या मारायच्या. म्हणजे सुरेशचं म्हणणं खरं होतं. खरं बोलून माणसाला डिवचणं ही त्याची खासियत.

त्या यंत्रात राक्षसांच्या लढाईचा खेळ होता. राक्षस पकडायचे, पोसायचे आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी लढवायचे. राक्षसांच्या जाती पाच : आग, पाणी, पाला, वीज आणि दगड. पाणी आगीला विझवतं, आग पाल्याला जाळते, इथपर्यंत सगळं चुलीपाशी बसणाऱ्यालाही कळेल असं. पहिल्या आठवड्यात मी त्या यंत्राला 'पोरखेळ' म्हणालो. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे 'बंब' नावाचा आगीचा, 'पऱ्या' नावाचा पाण्याचा आणि 'जांभा' नावाचा दगडाचा असे तीन राक्षस होते (नावं मीच ठेवलेली), आणि पऱ्या जखमी झाला की मला जेवण जात नव्हतं.

आणि मग मी त्या गुहेत शिरलो. तिथे भेटली सावली. एक काळा ठिपका, त्याला दोन पांढरे डोळे. मी जांभ्याला सांगितलं, हाण! जांभ्याने हाणलं. ठिपका मोठा झाला. बंबाने जाळ ओकला. ठिपका आणखी मोठा झाला आणि चक्क हसला! 'खी खी खी' असा त्याचा आवाज त्या यंत्रातून आला. शेवटी ठिपक्याने पडदा भरून टाकला, माझे तिन्ही राक्षस एका फटक्यात आडवे केले आणि निघून गेला. मी जे काही ओरडलो ते ऐकून बर्फाच्या लाद्या फोडणारे दोघे गडी टोच्या टाकून धावत आले.

सुरेश मस्कतला परत गेला होता. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी बायकोच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"ती कोण आहे रे काळी?"

"भेटली वाटतं! ती सहावी जात, भाओजी. सावली. अख्ख्या खेळात एकच. तिला कुठलाच वार लागत नाय. उलट तुमचा वार खाऊन ती फुगते."

"मग मारायची कशी?"

"मारायचीच नाय. गप उभं राहायचं. ती मारील तेवढं सोसायचं. आपण उलट हात नाय उचलला की तिचा जीव शांत होतो, मग आपण होऊन आपल्याकडे येते. मी पकडली ना!" मग तो म्हणाला, "पण भाओजी, तुम्ही नाद सोडा. तुमच्याच्यानं व्हायचं नाय ते."

"का? माझ्याच्यानं का व्हायचं नाही?"

"नाय म्हणजे... तुमचा स्वभाव..."

"माझ्या स्वभावाला काय झालंय!" मी असा ओरडलो की मस्कतला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. मागे सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती. सख्खी बायको!

त्याच फोनवर पैज लागली. शिमग्यात सुरेश सुट्टीवर येणार होता. आमच्या दारात ग्रामदेवतेची पालखी येईल तोपर्यंत मी सावली पकडून दाखवायची. नाही जमलं तर मी संकासुराचं सोंग घ्यायचं. म्हणजे अंगात काळा झगा, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरं, आणि अख्ख्या गावात घरोघर पालखीपुढे नाचायचं. ज्या गावात माझा शब्द लोक मान खाली घालून ऐकतात (निदान मला तसं वाटायचं) त्या गावात!

दुसऱ्या दिवसापासून मी गुहेत गप उभं राहायला शिकू लागलो. सोपं काम आहे असं वाटतं ना? करून बघा! आपण बटणाला हात लावायचा नाही. थोडा वेळ गेला की सावली येते, जांभ्याला एक ठेवून देते आणि 'खी खी' करते. एक वेळ मी सोसलं. दुसऱ्यांदा दात आवळले. तिसऱ्यांदा तिने 'खी खी' केलं आणि माझा अंगठा आपोआप बटणावर आपटला. संपलं! ठिपक्याचा डोंगर झाला.

हे रोज चालू झालं. मी देवाचं नाव घेऊन बघितलं. अंगठे मांडीखाली दाबून बघितले. सावली हसली की मांडीखालून अंगठा बाहेर यायचाच. एका होडीवाल्याने त्याच क्षणी येऊन "बर्फ पातळ देताव तुम्ही" म्हटलं, तर मी त्याला सांगितलं, "तू थांब, आधी हिला मारतो." तो होडीवाला त्यानंतर बर्फ दुसरीकडून न्यायला लागला.

घरात वेगळीच तऱ्हा. सुनंदा बाजाराची पिशवी पुढे करायची तेव्हा मी गुहेत असायचो.

"अहो, मासे संपतील."

"सोसतोय मी, मध्ये बोलू नकोस!"

"काय सोसताय तुम्ही? सोसत्येय मी! त्या डबड्याला आता विहिरीत टाकीन."

"डबडं म्हणू नकोस!"

"डबडं, डबडं, डबडं!"

अंगठा बटणावर! सावली डोंगराएवढी! त्या दिवशी माझ्यावर जेवढा अन्याय झाला तेवढा कोणावरही झाला नसेल.

आणि शिमगा आला. सुरेश आला. येताना आमच्या ओटीवर त्याने पहिली वस्तू काय ठेवली असेल? काळा झगा! नमनाचे खेळ करणाऱ्या कुठल्याशा मंडळीकडून मागून आणला होता. "मापाला बघा हो भाओजी, काखेत दाटणार तर नाय?" पाहुणा म्हणून मी त्याला चहा दिला. मी त्याला नेमकं काय देणार होतो ते देवाला ठाऊक.

पालखीच्या दिवशी सकाळपासून मी विहिरीमागे नारळाच्या बुंध्याशी बसून गुहा धुंडाळत होतो. दिवसभर सावली फिरकली नाही. ढोल ताशे वाडीच्या तोंडाशी वाजू लागले आणि नेमकी तेव्हाच ती समोर आली. आता यंत्र बंद करावं तर ती हातची जाते, आणि चालू ठेवावं तर पालखी दारात! इतक्यात गुरवदादाच मला शोधत विहिरीपाशी आले. ते पालखीबरोबर असतात. दारात पालखी टेकली की घरच्यांची जी काही अडचण असेल ती देवापुढे मांडायची, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, हा त्यांचा मान. त्यासाठी ते घरधन्याला आधी विचारून घेतात.

"काय रे, यंदा काय घालू गाऱ्हाणा?"

मी इकडेतिकडे बघून सांगितलं, "दादा, एक सावली पकडायची आहे. पण हळू सांगा देवाला. मनातल्या मनात."

"सावली? भूत हाय काय?"

"भूत नाही हो! यंत्रातला राक्षस आहे. सावली त्याची जात."

"चावता?"

"नाही!"

"दूध देता?"

"नाही हो दादा!"

"मग पकडून काय करायचा?"

"आमच्या सुरेशला दाखवायचाय!"

गुरवदादांचा चेहरा उजळला. "हां! असा सांग ना. मेव्हण्याची जिरवायची हाय!" आणि ते निघाले. जाताना मागच्या दारात त्यांना सुनंदाने अडवलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी यंत्र चालूच खिशात सरकवलं आणि धावत पुढच्या अंगणात, खळ्यात आलो. पालखी टेकली होती. सगळी वाडी, मुंबईचे चाकरमानी, सासुरवाडीची मंडळी, सगळे हात जोडून उभे. मीही सर्वांत पुढे हात जोडून उभा राहिलो. घरधनीच मी, देवापुढे हात सोडणार कसा? गुरवदादांनी घसा साफ केला आणि जो आवाज लावला तो शेजारच्या गावातही गेला असेल.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"ह्या तुज्या लेकरांनी आज तुजी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी म्हाराजा, ह्या घरधन्याच्या डबड्यात एक काळी सावली हाय! ती ह्याला रोज मारता नि हसता! ती ह्याच्या हाती लागू दे, नि ह्याच्या मेव्हण्याची जिरू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हळू सांगा म्हणालो होतो मी! मनातल्या मनात म्हणालो होतो! चाकरमानी एकमेकांना कोपरं मारत होते. सुरेश खांबाला टेकून हसत होता. खिशातून 'खी खी' आवाज आला, म्हणजे सावलीने जांभ्याला हाणलं. माझा अंगठा वळवळला, पण हात जोडलेले!

"आनी म्हाराजा, ह्या घरच्या लक्ष्मीचा गाऱ्हाणा! त्या डबड्यापायी हिच्या घराची दशा झाली! ता डबडा आजच्या आज बंद पडू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला बायकांचा आवाज छप्पर उडवील एवढा.

माझ्या मस्तकात जाळ गेला. माझ्याच दारात, माझ्याच देवापुढे, माझ्याच बायकोने माझ्याविरुद्ध! वळून बघितलं तर ती डोळे मिटून अत्यंत भक्तिभावाने उभी. खिशात पुन्हा 'खी खी'. मग पुन्हा. गुरवदादांनी गुराढोरांचं, आंब्याच्या मोहराचं, कोर्टातल्या बांधाचं गाऱ्हाणं सुरू केलं, आणि मी हात जोडून, नाकपुड्या फुगवून, गप उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा!

आणि माझ्या खिशात सनई वाजली.

'खी खी' नव्हे, सनईसारखं काहीतरी. मी यंत्र बाहेर काढलं. पडद्यावर जांभा धापा टाकत उभा होता, आणि त्याच्या शेजारी, अगदी शेजारी, पाळलेल्या मांजरासारखी, सावली!

"सापडली!" मी ओरडलो. "सुरेश! डोळे फाडून बघ! सापडली!"

सुरेश धावत आला. त्याने बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. देवाशपथ सांगतो, इतका सुंदर चेहरा मी आयुष्यात बघितला नव्हता. पण लगेच तो म्हणाला, "भाओजी, लाल दिवा लुकलुकतोय. सेल संपत आलेत. आधी सेव्ह करा, नायतर सगळं जाईल."

"मला शिकवू नकोस!"

"शिकवत नाय हो, फक्त ते खालचं बटण..."

"मला! शिकवू! नकोस!" आणि प्रत्येक शब्दागणिक मी हातातली वस्तू ओटीच्या कठड्यावर आपटली. हातात कुठली वस्तू आहे हे तिसऱ्या शब्दानंतर लक्षात आलं.

मागचं झाकण उडालं. दोन पेन्सिल सेल टणटणत पालखीखाली गेले. पडदा पांढरा झाला. सावली गेली, जांभा गेला, बंब गेला, आणि जेवणाआधी ज्याची चौकशी करायचो तो माझा पऱ्याही गेला.

मग गुरवदादांनी पालखीला लवून नमस्कार केला. "दोनी गाऱ्हाणी पावली! जागृत हाय देव!" लोकांनी धडाधड नारळ फोडले. सुनंदाने देवीची ओटी भरली, डोळ्यांत पाणी आणून. आनंदाचं!

सुरेश काळा झगा घेऊन आला. "भाओजी, सावली दाखवा नायतर हात वर करा."

"तू बघितलीस ना आत्ता!"

"बघितली. आता कुठाय?"

मग मात्र मी कोणाला सोडलं नाही. सुरेशला म्हणालो, तू मुद्दाम बोललास. सुनंदाला म्हणालो, तू घर फोडलंस. गुरवदादांना म्हणालो, तुम्हाला हळू बोलता येत नाही. बोलता बोलता चाकरमान्यांनी मला कधी झग्यात घातलं आणि टोपी कधी डोक्यावर चढली हे मला कळलंही नाही. (काखेत दाटतच होता!)

गुरवदादा शांतपणे म्हणाले, "वयनीनू, एक गाऱ्हाणा ऱ्हायला वाटता." आणि पुन्हा आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्याच्या नाकावरचा राग..."

"खबरदार!" मी घुंगरं वाजवत मध्ये घुसलो. मानपानावरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या, पालखी आधी कोणी उचलायची यावर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या त्या अख्ख्या गावाकडे मी बोट रोखलं आणि गरजलो, "मी काय रागीट माणूस आहे?"

गाव एका सुरात म्हणालं, "व्हय म्हाराजा!"