जाफन्याची किल्ली

लाथेनं दार फोडायला आलेल्या परक्या शिपायाच्या हाती तुमच्या घराची किल्ली द्याल का?

जाफन्याजवळच्या एका म्हातारीनं दिली होती. सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर. श्रीलंकेतले तमिळ बंडखोर आणि आपली शांतिसेना यांची जुंपलेली. गावाला देवळात हलवलं होतं नि घरोघर झडती चालू होती. आपल्या सेलूचा प्रेमदास दारावर पाय उचलणार, तोच ही बाई आडवी आली. भाषा एकाची एकाला कळेना. तिनं त्याच्या बुटाकडं बोट दाखवून मान हलवली आणि कनवटीची पितळी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. फोडू नको, उघड.

तिलाही देवळाकडं नेलं. त्यानं उघडलं, पाहिलं, पुन्हा कुलूप लावलं. किल्ली परत द्यायला देवळाकडं निघाला आणि गोळा पडला. आपला की त्यांचा, ते त्याला आजही सांगता येत नाही. स्ट्रेचरवरून वळून पाहिलं तर घर बसलेलं. मद्रासच्या इस्पितळात शुद्ध आली तेव्हा एक पाय नव्हता, किल्ली होती. तिथं किल्लीचं कोणाला सांगायचा धीर झाला नाही.

आता बसस्टँडसमोर सायकली दुरुस्त करतो. यंदा सव्वीस जानेवारीला एकाहत्तरच्या लढाईतल्या बापूरावांना झेंड्यापुढं मानाची खुर्ची मिळाली. हा कुबडी टेकून मागं उभा.

"पाकिस्तानशी नाई लढला, तं लढाई कायची रे प्रेमदास?" बापूराव हसले, चार जण हसले. ती खुर्ची तिथंच उलथवायला हवी होती. हा घरी निघून आला.

दर सोमवारी मात्र वर्धा स्टेशनावर जातो. मद्रासची गाडी लागली की म्हातारीला पत्र लिहून घ्यायला खिडकीशी कागद धरतो. "तमिल लिखना आता है, साब?" कोणी हसतं, कोणी काच ओढतं, कोणी लिहितं. गाडी थांबते पाच मिनिटं. एका खेपेला एक ओळ. त्या गावाचं नाव याला पाठ आहे, म्हातारीचं माहीतच नाही. पाच महिन्यांत पत्र झालं, ओळीगणिक अक्षर वेगळं, आणि त्यातलं याला एकही वाचता येत नाही.

"धाडून द्या ना एकदाचं," बायको अन्नपूर्णा म्हणाली.

"एक ओळ राह्यली."

"आता काय राह्यलं?"

"तिचं घर पडलं, हे लिहा लागते. सुटत्या गाडीले कसं सांगू? मानूस ऐकून वर पाहीन, अन् गाडी निंगून जाईन."

"घरच नाई तं किल्ली कायले धाडता?"

"तिची आहे."

किल्ली त्यानं सायकलच्या तेलानं पुसून पुन्हा खिळ्याला टांगली.

वर्ध्यात, पिपरी मेघ्यात, हिंगणघाटच्या गिरणीत तमिळ लिहिणारं कोणी असाल, तर सेलूला या. कीव घरी ठेवा, घड्याळही. त्याच्याजवळ बसा आणि तेवढी एक ओळ लिहून द्या.